उड्डाणापूर्वीचे प्रश्न

अमेरिकेतील एखाद्या लहानशा विमानतळावर सकाळच्या प्रहरी पाहावयास मिळणारा हा देखावा आहे. बाहेर गवताच्या कडेला चार आसनांचे एक लहान विमान दोरखंडांनी जमिनीस बांधून ठेवलेले आहे. आतल्या खोलीत मेजाच्या दोन बाजूंस दोन माणसे बसली आहेत. एकापुढे नकाशा, पट्टी, हवामानाची पत्रके, विमानाच्या दुरुस्तीच्या वह्या आणि स्वतःच्या उड्डाणांची नोंदवही असा पसारा मांडलेला आहे. दुसऱ्यापुढे कागद आणि पेन्सिल एवढेच. पहिला उमेदवार आहे आणि दुसरा परीक्षक. विमान कसे वळवावे किंवा कसे उतरवावे, हे परीक्षक आरंभी विचारीतच नाही. तो विचारतो, "आज हे विमान घेऊन निघण्याचा तुम्हांला अधिकार आहे, हे मला कशावरून पटवाल?"

खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी द्यावी लागणारी ही तोंडी परीक्षा होय. ती उतरल्याखेरीज उमेदवारास परीक्षकासह विमानात पाऊल ठेवता येत नाही. या उमेदवाराने त्यापूर्वी निदान चाळीस तास हवेत घालविलेले असतात. त्यांतील दहा तास तरी तो एकटा उडालेला असतो. साठ प्रश्नांची लेखी परीक्षाही त्याने शेकडा सत्तर गुण मिळवून पार केलेली असते. असे असूनही त्याची झोप उडते ती या खोलीतील बैठकीच्या धास्तीने. नंतरच्या उड्डाणाची त्याला तितकीशी भीती वाटत नाही. ज्याचा हात विमानावर बसला आहे, त्याची जीभ मेजापाशी का अडखळावी? हे समजून घ्यावयाचे तर ही परीक्षा आली कोठून, ते पाहिले पाहिजे. कारण विमानविद्येच्या आरंभी अशी परीक्षा नव्हतीच.

वैमानिकांस प्रमाणपत्रे देण्याची प्रथा प्रथम सुरू केली ती सरकारांनी नव्हे, तर हौशी मंडळींच्या क्लबांनी. फ्रान्सच्या एरो क्लबने १९०९ साली पहिली प्रमाणपत्रे दिली. त्यांतील पहिला क्रमांक लुई ब्लेरिओ याचा आणि दुसरा अमेरिकेच्या ग्लेन कर्टिस याचा. यावरून ब्लेरिओ परीक्षेत पहिला आला असे कोणी समजू नये! ज्यांनी आधीच विमान उडवून दाखविले होते, अशा गृहस्थांची नावे क्लबने वर्णानुक्रमे लावली, एवढाच त्या क्रमांकाचा अर्थ. मात्र त्या पहिल्या यादीतील कॅप्टन फेर्बेर १९०९ च्या सप्टेंबरात बुलोन येथे मरण पावला आणि लेआँ दलाग्रांज १९१० च्या जानेवारीत बोर्दोजवळ. इंग्लंडातही तेच झाले. तेथील रॉयल एरो क्लबचे पहिले प्रमाणपत्र १९१० च्या मार्चमध्ये मूर-ब्रॅबझन यास मिळाले आणि दुसरे चार्ल्स रोल्स यास. ज्याचे नाव पुढे मोटारींमुळे घरोघर पोचले तोच हा रोल्स. त्याच वर्षीच्या १२ जुलै रोजी बोर्नमथ येथे शेपटीचा भाग मोडून त्याचे विमान कोसळले व तो ठार झाला.

पुढे आंतरराष्ट्रीय संघाच्या नियमांनी परीक्षेस निश्चित रूप आले. पाचशे मीटरांहून अधिक अंतर नसलेले दोन खांब रोवावयाचे आणि उमेदवाराने त्यांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळणे घेत पाच किलोमीटर उडावयाचे. असे दोनदा करावयाचे. मग पन्नास मीटर उंची गाठून दाखवावयाची आणि इंजिन बंद करून नेमलेल्या खुणेपासून पन्नास मीटरांच्या आत उतरावयाचे. संपली परीक्षा! परीक्षक कोठे असे? तो खाली मैदानावर उभा असे. त्या काळच्या विमानात दुसऱ्या माणसास बसवून त्याचा भार वाहण्याचे फारसे बळच नव्हते. उमेदवार उतरला की परीक्षकाने खुणेपासूनचे अंतर मोजावयाचे आणि कागदावर सही करावयाची. प्रश्न विचारण्याचे त्यास कारण नव्हते. आकाशात दुसरे विमान क्वचितच असे, वाऱ्याचा जोर वाढला की त्या दिवशी कोणी उडतच नसे, आणि पन्नास मीटरांवरून नकाशाही लागत नसे. अशा परीक्षेत उमेदवाराचा हात आणि धाडस दिसे. त्याच्या डोक्यात काय आहे हे कळावयास मार्ग नसे.

परीक्षेत पहिले प्रश्न शिरले ते पहिल्या महायुद्धानंतर. युद्धाच्या चार वर्षांत विमाने हजारोंनी निघाली आणि युद्ध संपताच ती सरहद्दी ओलांडून माणसे व टपाल नेऊ लागली. तेव्हा १९१९ च्या १३ ऑक्टोबरला पॅरिस येथे हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. वैमानिकाची पात्रता कशी ठरवावी हे सांगणारे एक परिशिष्ट त्यास जोडलेले होते. त्यात आठाची वळणे होती, उंचीवरून इंजिनाविना उतरणे होते. पण त्यांच्या जोडीस एक नवे कलम आले. उमेदवारास दिव्यांचे आणि खुणांचे नियम, विमानतळाभोवतालच्या वाहतुकीचे नियम आणि आंतरराष्ट्रीय हवाई कायदा यांचे ज्ञान असले पाहिजे, असे त्यात सांगितले होते. हे दिवे कोठून आले, हे कोकणातील किंवा गोव्यातील कोणा तांडेलास विचारावे! डाव्या बाजूस तांबडा आणि उजव्या बाजूस हिरवा, ही गलबतांची रीत विमानांनी जशीच्या तशी उचलली. रात्रीच्या अंधारात समोर तांबडा दिवा दिसला की ते यान आपल्या डावीकडे चालले आहे, हे ओळखण्याची विद्या आकाशाला समुद्राने दिली. ती तोंडीच विचारावी लागते, कारण दिवसाढवळ्या आठाची वळणे घेऊन ती दाखविता येत नाही.

नियम कागदावर आले तरी त्यांची किंमत कळावयास १९२२ साल उजाडावे लागले. त्या काळी लंडन-पॅरिस मार्गावरील वैमानिक खाली दिसणाऱ्या सडका आणि लोहमार्ग यांच्या आधाराने वाट काढीत. १९२२ च्या ७ एप्रिल रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून टपाल घेऊन निघालेले एक इंग्रजी विमान आणि पॅरिसजवळच्या ल बुर्जेहून तीन प्रवासी घेऊन निघालेले एक फ्रेंच विमान, दोन्ही एकाच वाटेने समोरासमोर येत होती. पिकार्दी प्रांतात धुक्यामुळे दोघेही बरेच खाली उतरले होते. एकमेकांना टाळण्याइतका अवधी त्यांस मिळाला नाही. दोन्ही विमानांतील सातही माणसे मेली. प्रवासी विमानांची हवेत झालेली ही पहिली टक्कर. त्यानंतर त्या मार्गावरील कंपन्यांनी आपापल्या उजव्या अंगाने जाण्याचा दंडक घातला. आजही तोंडी परीक्षेत विचारले जाते, "समोरून विमान आले तर काय कराल?" उमेदवार सांगतो, "दोघांनीही उजवीकडे वळावे." तीन शब्दांचे उत्तर, ते पाठ करावयास अर्धा क्षण पुरतो. पण त्यामागे सात माणसे आहेत, हे प्रत्येक उमेदवारास कोणी सांगितलेले असतेच असे नाही.

हिंदुस्थानही पॅरिसच्या करारात सामील होता. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाल्यावर या देशातल्या देशात वैमानिक तयार होऊ लागले आणि १९२९ च्या १० फेब्रुवारीस हिंदुस्थानात दिलेला पहिला परवाना जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांच्या हाती पडला. निळ्या वेष्टनाच्या त्या लहानशा पुस्तिकेवरील 'क्रमांक १' हा आकडा त्यांना जन्मभर अभिमानाचा वाटे. त्यांचे शिक्षण मात्र अवघ्या काही तासांचे होते. तीन वर्षांनी, १९३२ च्या १५ ऑक्टोबरला, कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत टपाल घेऊन ते एकटे आले. विमानात ना रेडिओ, ना वाटेवर हवामान सांगणारा कोणी. जुहूच्या मैदानावर ते उतरले आणि पुढचे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रासला नेले. अशा माणसांना परीक्षकाने काय विचारावे! पण सर्व उमेदवार टाटा नसतात आणि परीक्षा असते ती सर्वांसाठी.

अमेरिका पॅरिसच्या करारापासून दूर राहिली होती. तेथे १९२६ पर्यंत कोणीही उठावे, विमान विकत घ्यावे आणि पैसे घेऊन लोकांना फिरवून आणावे, अशी स्थिती होती. १९२६ च्या मे महिन्यात अध्यक्ष कूलिज यांची सही झालेल्या कायद्याने वैमानिकांचे परवाने व्यापार खात्याच्या हाती दिले. हवाई शाखेचा प्रमुख विल्यम मॅक्क्रॅकन याने पहिल्या क्रमांकाचा परवाना ऑर्व्हिल राइट यास देऊ केला. ऑर्व्हिलने तो नाकारला. आपण आता विमान उडवीत नाही, आणि पहिला वैमानिक कोण हे सिद्ध करावयास सरकारी कागदाची गरज नाही, असे त्याचे म्हणणे. म्हणून १९२७ च्या ६ एप्रिलला तो क्रमांक मॅक्क्रॅकननेच घेतला. ऑर्व्हिलच्या उत्तरात थोडा ताठा असेल, पण अप्रामाणिकपणा नाही. जो उडवीत नाही त्याने परवाना कशाला बाळगावा?

यापुढच्या काळात प्रश्नांची संख्या वाढत गेली आणि ती वाढविली अपघातांनी. त्यांतील एक अपघात असा की, तो घडला एका लष्करी विमानास. पण त्याचा परिणाम आज सर्वांत लहान विमानाच्या परीक्षेतही दिसतो. १९३५ च्या ३० ऑक्टोबरला ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे चार इंजिनांचे नवे बाँबफेकी विमान चाचणीसाठी उडाले. चालक मेजर हिल हा लष्करातील मुरलेला वैमानिक होता. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने त्याची शेपूट हलू नये म्हणून तीस एक अडसर घालीत असत. तो काढावयाचा राहून गेला. विमान सरळ वर चढले, त्याचा आधार सुटला आणि ते जमिनीवर येऊन पेटले. मेजर हिल मरण पावला. बोइंगचा चाचणी-वैमानिकही पुढे जखमांनी गेला. हे विमान एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे काहींस वाटले. पण वैमानिकांनी एक साधा उपाय शोधला. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर करावयाच्या कामांच्या याद्या लिहून काढावयाच्या आणि त्या प्रत्येक वेळी वाचावयाच्या. आपल्याला सर्व येते ही खात्री असलेल्या माणसासाठीच या याद्या आहेत. आजचा उमेदवार ती यादी तोंडपाठ म्हणून दाखवू लागला, तर चांगला परीक्षक त्यास थांबवितो आणि म्हणतो, "पाठ नको, यादी हातात घ्या."

आता ढगांकडे वळावे लागेल, कारण तोंडी परीक्षेचे मर्म तेथे आहे. यंत्रांकडे पाहून, बाहेर काहीही न दिसता, विमान उडविता येते हे अमेरिकेच्या जिमी डूलिटल याने १९२९ च्या २४ सप्टेंबरलाच सिद्ध केले होते. पण ती विद्या व्यावसायिकांची. रविवारी हौसेने उडणाऱ्या खाजगी वैमानिकाने ढगात जाऊ नये, एवढेच त्यास सांगितलेले असे. गेलाच तर काय होते? इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी १९५४ साली याचा प्रयोग केला. यंत्रांच्या आधारे उडण्याचे शिक्षण नसलेले वीस वैमानिक त्यांनी घेतले, प्रत्येकाच्या सोबत तयार वैमानिक बसविला आणि बाहेरचे दिसणे बंद केले. विसांपैकी वीसही जणांचा विमानावरील ताबा सुटला. एकोणीस जण वाढत्या वेगाने खाली जाणाऱ्या गिरकीत सापडले, विसाव्याने नाक वर उचलून विमानाचा आधार घालविला. त्यास सरासरी वेळ किती लागला? १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत.

याचे कारण भित्रेपणात किंवा अडाणीपणात नाही. ते कानात आहे. माणसाच्या अंतःकर्णातील द्रव आपणांस तोल सांगतो. पण विमान हळूहळू एका अंगावर कलले आणि त्याच वळणात राहिले, तर तो द्रव स्थिरावतो व आपण सरळ चाललो आहोत असे वाटते. मग यंत्र पाहून विमान खरोखर सरळ केले की शरीर ओरडून सांगते, आपण उलट बाजूस पडत आहोत! वैमानिक शरीराचे ऐकतो आणि पुन्हा कलतो. डोळे मिटून गोल फिरणाऱ्या मुलास थांबल्यावर जमीन फिरते असे वाटते, त्यातलाच हा प्रकार; मात्र येथे जमीन खाली वाट पाहत असते. त्याच संशोधकांनी त्या वैमानिकांना यंत्रे पाहून सावकाश अर्धवर्तुळ वळून माघारी फिरण्याची एक सोपी रीत शिकविली. शिक्षणानंतरच्या साठ चाचण्यांपैकी एकोणसाठ यशस्वी झाल्या. आज अमेरिकेत खाजगी वैमानिकास तीन तास यंत्रांच्या आधारे उडण्याचे शिक्षण घ्यावेच लागते.

प्रयोगातल्या वैमानिकांजवळ सोबती होता. १९५९ च्या ३ फेब्रुवारीस, मध्यरात्रीनंतर, आयोवा राज्यातील मेसन सिटीहून निघालेल्या बोनान्झा विमानात तसा कोणी नव्हता. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे तीन तरुण गायक पुढच्या गावी लवकर पोचावे म्हणून विमानाने निघाले होते. वैमानिक एकवीस वर्षांचा. त्याच्याजवळ व्यावसायिक परवाना होता, सातशेहून अधिक तासांचा अनुभव होता. पण यंत्राधारे उडण्याच्या परीक्षेत तो आदल्या वर्षी नापास झालेला होता. तो निष्काळजी होता असेही म्हणता येणार नाही, कारण त्या संध्याकाळी त्याने हवामान-कार्यालयात अनेकदा चौकशी केली होती. मात्र त्या प्रदेशात हवा बिघडत असल्याचे दोन तातडीचे इशारे निघाले होते, ते त्यास कोणी सांगितले नाहीत. त्यात आणखी एक घोटाळा होता. विमानात बसविलेले कृत्रिम क्षितिजाचे यंत्र जुन्या पद्धतीचे होते. नाकाचा चढ-उतार ते त्याच्या सवयीच्या यंत्राच्या नेमके उलटे दाखवी. बर्फ, अंधार, खाली दिवा नाही, वर तारा नाही. विमानतळापासून काही मैलांवरच विमान शेतात आदळले, चौघेही गेले. सकाळ होईपर्यंत कोणास त्याचा पत्ताही लागला नाही.

चौकशी मंडळाने दोष दिला तो वैमानिकाच्या निघण्याच्या निर्णयाला, आणि हवामानाची अपुरी माहिती व अनोळखी यंत्र ही साहाय्यक कारणे म्हणून नोंदविली. हा निर्णय त्याने हवेत घेतलेला नव्हता. तो विमानतळावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी घेतलेला होता. म्हणजे ज्या क्षणी चार माणसांचे भवितव्य ठरले, त्या क्षणी हाताच्या कौशल्याचा काही संबंधच नव्हता. अशा क्षणाची परीक्षा आठाची वळणे घेऊन कशी व्हावी? ती मेजाशी बसूनच व्हावयास हवी. कोणी म्हणेल, नियम कडक केले म्हणजे झाले. परंतु १९९९ च्या १६ जुलैच्या रात्री धाकटे जॉन केनेडी न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले, तेव्हा त्यांनी नियम मोडलेला नव्हता. ते खाजगी वैमानिक होते. नियमाप्रमाणे लागणाऱ्या तीन मैलांहून अधिक दृश्यता ठिकठिकाणी नोंदलेली होती. पण धुरकट रात्रीत समुद्रावर क्षितिज दिसेना आणि त्यांचे विमान पाण्यात गेले. पत्नी आणि मेहुणी यांच्यासह ते मरण पावले. दिशाभ्रमामुळे ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. नियमाने जावयास हरकत नव्हती. पण जावे काय, हा प्रश्न निराळा होता.

तोंडी परीक्षेच्या तयारीत उमेदवार अडखळतो तो नेमका येथे. तयारीस बसला की तो प्रथम पाठांतराकडे वळतो. विमानात कोणकोणते कागद असावेत, किती महिन्यांनी कोणती तपासणी व्हावी, मद्य घेतल्यावर किती तास विमानास हात लावू नये, हे सारे तो आद्याक्षरांची चमत्कारिक सूत्रे करून घोकतो. 'यमाताराजभानसलगं' घोकून वृत्ते ओळखणाऱ्या मराठी मुलांस यात नवल वाटू नये! सूत्रे वाईट नव्हेत. वर्षातून एकदा तपासणी, शेवटच्या मद्यपानानंतर आठ तास, प्रवासी न्यावयाचे तर मागील नव्वद दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे, दिवसा अर्ध्या तासाचे आणि रात्री पाऊण तासाचे इंधन शिल्लक, हे आकडे येत नसतील तर पुढचे बोलणेच खुंटते. पण अनुभवी परीक्षक आकडा ऐकून तेथे थांबत नाही. तो त्या आकड्यावर एक प्रसंग रचतो.

उदाहरणार्थ, सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान घ्या. याच्या एका प्रकाराचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २,३०० पौंड. रिकामे विमान १,४५० पौंडांचे धरू. राहिले ८५० पौंड. टाक्या भरल्या तर वापरण्याजोगे चाळीस गॅलन इंधन मावते. गॅलनास सहा पौंड याप्रमाणे २४० पौंड झाले. उरले ६१०. आता परीक्षक म्हणतो, "तुमचे तीन मित्र येणार आहेत, प्रत्येक जण १७० पौंडांचा. तुम्हीही तेवढेच. चला, निघू या." चौघे मिळून ६८० पौंड भरतात, सत्तर पौंड जास्त! आसने चार, टाक्या भरलेल्या, आणि तरी चौघांस नेता येत नाही. बारा गॅलन इंधन कमी घेतले तर वजन जमते. पण तेवढे इंधन म्हणजे सुमारे दीड तासाचे उड्डाण. मग वाटेत कोठे उतरून इंधन घेणार? की एका मित्रास "तू राहा" म्हणणार? तिसरी-चौथीच्या मुलास येणारी ही बेरीज-वजाबाकी. पण मित्रांसमोर ती बोलून दाखविणे मात्र त्या मुलापेक्षा मोठ्या माणसालाही जड जाते.

हाच प्रश्न बेळगावच्या सांबरा विमानतळावर, एप्रिलच्या दुपारी विचारला असे समजा. सांबऱ्याची उंची सुमारे अडीच हजार फूट. त्या उंचीस प्रमाण हवेचे तपमान दहा अंश मानतात. दुपारी पारा छत्तिसावर असेल, तर पातळ झालेल्या हवेमुळे विमानाच्या दृष्टीने ते विमानतळ साडेपाच हजार फुटांवर गेल्यासारखे होते. पंखांस आधार कमी, इंजिनास दम कमी, धावपट्टी तेवढीच. सकाळी सहा वाजता जे विमान लीलेने उठले, तेच दुपारी धावपट्टीच्या टोकाशी झाडांकडे पाहत रेंगाळेल. पुस्तकात याचे तक्ते असतात. उमेदवाराने ते उघडून वाचले तरी परीक्षकाची हरकत नसते. किंबहुना, "हे मला पाठ नाही, पण कोठे पाहावयाचे ते ठाऊक आहे" असे म्हणून योग्य पान काढणाऱ्या उमेदवाराविषयी त्याचे मत चांगलेच होते. ठोकून देणाऱ्याविषयी होत नाही.

आणखी एक जुना सापळा आहे. "हे विमान कोणत्या वेगास आधार सोडते?" असे विचारले की पुस्तकी उमेदवार चटकन एक आकडा सांगतो. खरे म्हणजे पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो, तो कोन मर्यादेबाहेर गेला की कोणत्याही वेगास आधार सुटतो. वोल्फगांग लांगेविशे याने १९४४ साली 'स्टिक अँड रडर' या पुस्तकात हा कोन सामान्य वैमानिकास उलगडून सांगितला. आकडा सांगणाऱ्याचे उत्तर अगदीच चूक नसते, पण वळणात जोराने विमान ओढताना तो आकडा त्याचा घात करील, म्हणून परीक्षक आणखी खोलात शिरतो. उमेदवारास वाटते की, आपणास पाडण्याचा हा डाव आहे. तसे क्वचित असेलही. परीक्षक हीही माणसेच. पण बहुधा त्याला एवढेच पाहावयाचे असते की, आकड्यामागचे कारण याला ठाऊक आहे की नाही.

२०१६ च्या जूनपासून अमेरिकेत खाजगी वैमानिकाच्या परीक्षेची मानके नव्याने लिहिली गेली. पूर्वी प्रत्येक विषयात ज्ञान आणि कौशल्य पाहत. आता त्यांच्यामध्ये धोक्याचा विचार हा तिसरा भाग प्रत्येक विषयास जोडलेला आहे. चांगले परीक्षक तो पूर्वीही विचारीतच होते. आता तो विचारणे सर्वांवर बंधनकारक झाले. म्हणून आजचा शिक्षक परीक्षेच्या आठवड्यात उमेदवारास विमानात कमी आणि मेजापाशी अधिक बसवितो. "काल रात्री किती झोपलात? लग्नघरी वेळेवर पोचावयाचे आहे, ढग उतरत आहेत, सासरची मंडळी विमानतळावर येऊन थांबली आहेत, काय कराल?" अशा प्रश्नांस पुस्तकात उत्तर नाही. ती उत्तरे मोठ्याने, दुसऱ्या माणसासमोर, अनेकदा द्यावी लागतात; तेव्हा कोठे ती स्वतःची होतात.

आणि मग तो परीक्षेचा दिवस येतो. मेजापाशी तास-दीड तास प्रश्नोत्तरे होतात. परीक्षक मान डोलावून म्हणतो, "तोंडी भाग ठीक झाला. आता विमानाकडे चलू." उमेदवार खिडकीतून पाहतो तो वारा फिरला आहे, पश्चिमेचे ढग सकाळच्या अंदाजापेक्षा बरेच खाली आले आहेत. कित्येक महिने वाट पाहून ही तारीख मिळालेली असते, परीक्षकाचे शुल्क भरलेले असते, घरी सर्वांस सांगून झालेले असते. परीक्षक काही सुचवीत नाही. त्याने सुचवावयाचेही नसते. उमेदवार नकाशा घडी करून ठेवतो आणि म्हणतो, "आज मी उडणार नाही." परीक्षक याला नापास म्हणत नाही. अशा वेळी द्यावयाचे एक ठराविक पत्र असते, ते तो भरतो. झालेल्या तोंडी परीक्षेचे श्रेय साठ दिवसांपर्यंत उमेदवाराच्या खात्यावर राहते. पत्रावर सही होते, दोघे पुढची तारीख ठरवितात आणि बाहेर गवताच्या कडेला ते लहान विमान दोरखंडांनी बांधलेलेच राहते.